९९ टक्के अचूक मॉडेल नव्या माणसावर का आपटतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पिकांच्या ताण-सहनशीलतेवर काम करता आणि पानाच्या क्लोरोफिल फ्लुओरेसन्सच्या (उजेड पडल्यावर हरितद्रव्य जो मंद प्रकाश परत सोडतं त्याच्या) वक्रावरून पाण्याचा ताण ओळखणारं वन-डी सीएनएन (एका रेषेतल्या संकेतातले आकार शिकणारं न्यूरल नेटवर्क) तुम्हाला बनवायचंय. स्वतःचा डेटा हाती यायला वेळ आहे, म्हणून हात बसावा यासाठी एमआयटी-बीआयएच या डेटाबेसमधल्या ईसीजीवर (हृदयाच्या विद्युत आलेखांवर) सराव केलात. तिथे ९९ टक्क्यांच्या वर अचूकता आली. तेच मॉडेल दुसऱ्या उपकरणाने, दुसऱ्या माणसांच्या घेतलेल्या ईसीजीवर चालवलं तर साठीच्या घरात आलं. आता लेयर वाढवायच्या, ट्रान्सफॉर्मर लावायचा की ऑगमेंटेशन (असलेल्या नमुन्यांत थोडे फेरफार करून नवे बनवणं) वाढवायचं, असं विचारताय.

माझं उत्तर: इतक्यात तिन्ही नको. मॉडेल घसरलं असं तुम्हाला वाटतंय, पण ते पहिल्यापासून साठीच्याच आसपास असण्याची शक्यता जास्त आहे. ९९ हा आकडा ज्या पद्धतीने काढला तिथे आधी बघा.

मी बरीच वर्षं ईसीजी-ईईजीवर (हृदयाच्या आणि मेंदूच्या विद्युत संकेतांवर) काम करते. त्याआधी काही वर्षं पाण्याच्या ताणाचे कुंड्यांमधले प्रयोग केलेत. दोन्ही ठिकाणी मी याच खड्ड्यात पडले आहे, त्यामुळे पुढचं सगळं जरा अनुभवाच्या तोऱ्यात आलं तर चालवून घ्या.

आधी तुमच्या सरावाचा डेटा. एमआयटी-बीआयएचमध्ये अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्ड आहेत, १९७५ ते १९७९ या काळातली, आणि त्यांत मिळून सुमारे १,१०,००० ठोक्यांवर लेबलं आहेत. लाखभर नमुने म्हटलं की डीप लर्निंगवाल्याला हायसं वाटतं. पण माणसं किती? ४७. रेकॉर्डपेक्षा एक कमी, कारण २०१ आणि २०२ ही दोन रेकॉर्ड एकाच माणसाची आहेत.

तुम्ही कोड दिलेला नाही, पण इंटरनेटवरच्या बहुतेक नोटबुकांत जे असतं तेच तुमच्याकडेही असणार असं मी धरून चालते: सगळे ठोके कापून एका मोठ्या अॅरेमध्ये टाकले, शफल केलं, आणि ८० टक्के ट्रेनिंगला (शिकायला), २० टक्के टेस्टला (तपासायला) असे विभागले. याचा अर्थ एकाच माणसाच्या लागोपाठच्या दोन ठोक्यांपैकी एक ट्रेनिंगमध्ये गेला आणि दुसरा टेस्टमध्ये. ईसीजीचा आकार माणसागणिक इतका वेगळा असतो की त्यावरून ओळख पटवण्याच्या पद्धतींवर स्वतंत्र संशोधन चालतं. मॉडेलला आजार ओळखायची गरजच पडत नाही. ‘हा तोच माणूस, याचे ठोके बहुतेक अमुक प्रकारचे होते’ एवढं लक्षात ठेवलं की पेपर सुटतो. परीक्षेत आदल्या दिवशी सोडवून घेतलेलीच गणितं आल्यासारखं.

हे मोघम वाटत असेल तर एकच रेकॉर्ड उघडून बघा. २३२ नंबरचं. या व्यक्तीला मुळातच राइट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूच्या विद्युतमार्गात अडथळा) आहे, म्हणजे तिचा प्रत्येक ठोका इतरांपेक्षा वेगळा, रुंद दिसतो. तिच्या रेकॉर्डमध्ये ब्लॉकचे म्हणून लेबल लावलेले ३९७ ठोके आहेत आणि अट्रियममधून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) वेळेआधी आलेले, ‘ए’ लेबलचे, १,३८२. पेसमेकरवाली चार रेकॉर्ड सोडून उरलेल्या संपूर्ण डेटाबेसमध्ये एस गटाचे, म्हणजे व्हेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) वरून उगम पावलेल्या अवेळी ठोक्यांचे, नमुने आहेत सुमारे २,८००. त्यातले निम्मे या एकाच व्यक्तीचे!

आता मॉडेलच्या बाजूने विचार करा. अट्रियममधून आलेला अवेळी ठोका आकाराने बऱ्याचदा नेहमीच्या ठोक्यासारखाच असतो. तो ओळखायची मुख्य खूण म्हणजे तो लवकर येतो, मागच्या ठोक्यापासूनचं अंतर कमी असतं. तुम्ही जर आर-पीकच्या (ठोक्याच्या मुख्य टोकाच्या) आजूबाजूची एक खिडकी कापून, नॉर्मलाइझ करून मॉडेलला दिली असेल, तर ते अंतर तुम्ही स्वतःच्या हाताने फेकून दिलंय. तरीही एस गटाची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या एस ठोक्यांपैकी किती पकडले ते प्रमाण) भरघोस येते. कुठून येते? २३२ चा चेहरा ओळखून. मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी तयार केलेला एक तक्ता मुकाट्याने काढून टाकला होता.

एफ गटाची गोष्ट याहून वाईट आहे. सगळे मिळून साधारण ८०० फ्यूजन ठोके (नेहमीचा आणि व्हेंट्रिकलमधला ठोका एकमेकांत मिसळलेले), त्यातले ३७३ रेकॉर्ड २०८ मधले आणि ३६२ रेकॉर्ड २१३ मधले. एफ गटाचा कुठलाही आकडा म्हणजे जवळपास दोन माणसांची कहाणी आहे.

आणि एकूण अचूकता हा आकडा तर इथे बघूच नका. एनच्या, म्हणजे नॉर्मल धरलेल्या, गटात सुमारे ८९ टक्के ठोके आहेत. काहीही न शिकता प्रत्येक ठोक्याला नॉर्मल म्हणणारा प्रोग्रॅमही ८९ आणतो.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, एक प्रयोग करा. पाऊण तासाचं काम आहे. प्रत्येक रुग्णाला नाणं उडवून शून्य किंवा एक असं लेबल द्या, त्याच्या सगळ्या ठोक्यांना तेच. या लेबलला काहीच अर्थ नाही, त्यामुळे कुठल्याही प्रामाणिक चाचणीत ते सुमारे ५० टक्केच ओळखता आलं पाहिजे. आता तुमचंच सीएनएन, तुमचीच शफल केलेली विभागणी वापरून ट्रेन करा. आकडा ५० च्या खूप वर जाईल. मग रुग्णनिहाय विभागणी करून तेच पुन्हा चालवा, तो पन्नाशीच्या आसपास लटपटायला लागेल. नवीन डेटा आला की आजही पहिल्या दिवशी मी हाच प्रयोग करते. मॉडेल काय पाठ करू शकतं हे त्यातून लगेच कळतं.

तर विभागणी माणसांची करायची, ठोक्यांची नाही. या डेटाबेससाठी फिलिप डी शझाल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दिलेली विभागणी सर्रास वापरतात: पेसमेकरची चार रेकॉर्ड वगळून उरलेली ४४, त्यातली २२ ट्रेनिंगला आणि २२ टेस्टला. तुमचे आकडे इतरांशी ताडायचे असतील तर तीच वापरा, पण दोन गोष्टी डोळ्यांआड करू नका. एक, तिच्यात २०१ एका बाजूला आहे आणि २०२ दुसऱ्या. एकच माणूस दोन्हीकडे. दोन, २३२ टेस्टच्या बाजूला आहे आणि तिथल्या सुमारे १,८४० एस ठोक्यांपैकी १,३८२ त्याचे आहेत. त्या एका व्यक्तीवर मॉडेल बरं चाललं की तुमचा एसचा आकडा आकाशात, नाही चाललं की पाताळात. म्हणून मी २३२ धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे देते, आणि शिवाय प्रत्येक रुग्णाचा वेगळा. तक्ता लांबतो, लांबू दे.

(असे जुळे लपलेले असतात ते इथेच नाही. मुलांच्या अपस्माराचा सीएचबी-एमआयटी हा ईईजी डेटाबेस आहे, त्यातली सीएचबी०१ आणि सीएचबी२१ ही एकाच मुलीची आहेत, दीड वर्षाच्या अंतराने घेतलेली. डेटासोबतची माहितीची फाइल कंटाळवाणी असते, पण ती पूर्ण वाचाच.)

विभागणी बरोबर केली तरी गळतीच्या (टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपण्याच्या) बारीक वाटा राहतात. सरासरी-विचलन काढून नॉर्मलाइझ करणं, एसएमओटीईने कमी असलेल्या गटाचे कृत्रिम नमुने बनवणं, ऑगमेंटेशन, चांगली फीचर निवडणं, हे सगळं विभागणीच्या नंतर आणि फक्त ट्रेनिंगच्या भागावर. विभागणीआधी एसएमओटीई केलेला कोड मी इतक्यांदा पाहिलाय की आता तपासताना आधी तीच ओळ शोधते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. रुग्णनिहाय विभागणी हाच एकमेव धर्म आहे असं मी म्हणत नाही. तुमचं मॉडेल एकाच माणसाच्या अंगावर महिनोन् महिने राहणार असेल आणि सुरुवातीला त्याचे काही ठोके डॉक्टरांकडून लेबल करून घेता येणार असतील, तर त्या माणसाचा डेटा ट्रेनिंगमध्ये येणं रास्तच आहे. तशा पद्धतीसाठी रेकॉर्डची पहिली ५ मिनिटं शिकायला आणि उरलेली २५ तपासायला असा रिवाज आहे. मात्र तिथेही शफल करायचं नाही. आधीचा काळ शिकायला, नंतरचा तपासायला. प्रत्यक्षात भविष्यातला ठोका आधी मिळत नाही. म्हणजे स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: मॉडेल प्रत्यक्ष वापरलं जाईल तेव्हा त्याच्यासमोर नवं काय असणार आहे? नवा ठोका, नवा माणूस, की नवं यंत्र? जे नवं असणार, ते ट्रेनिंगच्या वेळी पूर्ण झाकून ठेवायचं.

तुमच्या बाबतीत माणसंही नवी होती आणि यंत्रही. यंत्राचा हिशेब वेगळा तपासा, कारण तो बऱ्याचदा स्वस्तात सुटतो. एमआयटी-बीआयएच सेकंदाला ३६० नमुन्यांवर आहे. समजा तुमचं उपकरण २५० वर आहे. १०० मिलिसेकंदांचा क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य टोकदार भाग) पहिल्यात ३६ नमुने व्यापतो, दुसऱ्यात २५. रीसॅम्पलिंग (सेकंदाला किती नमुने ते जुळवून घेणं) केलं नसेल तर मॉडेलच्या दृष्टीने सगळ्यांचीच हृदयं अचानक बारीक ठोके देऊ लागली. दुसरं, तो डेटाबेस ६० हर्ट्झची वीज असलेल्या देशातला आहे. तुमचं रेकॉर्डिंग ५० हर्ट्झच्या विजेखाली झालं असेल आणि नॉच फिल्टर (विजेची गुणगुण गाळणारा) ६० वरच राहिला असेल, तर सगळी गुणगुण आत शिरली. तिसरं म्हणजे लीड, म्हणजे हृदयाकडे कुठल्या दिशेने बघितलं ते. तिथली वरची वाहिनी बहुतेक रेकॉर्डमध्ये बदललेली लीड टू आहे. मनगटावरचं यंत्र सहसा लीड वनसारखं काहीतरी देतं, त्यात आकारच वेगळा असतो. पहिल्या दोन गोष्टी एका संध्याकाळीत दुरुस्त होतील. तिसरीला लीड टूच्या डेटाने इलाज नाही, त्या लीडचा डेटाच लागेल. बारा लीडच्या सरावासाठी पीटीबी-एक्सएल घ्या: सुमारे १८,९०० रुग्णांचे २१,८०० च्या आसपास ईसीजी, आणि एक रुग्ण एकाच भागात राहील अशी दहा भागांची विभागणी सोबत तयार दिलेली आहे. हे सुरुवातीलाच घेतलं असतंत तर हा प्रश्न पडला नसता, पण मग शिकणंही झालं नसतं.

आता तुमच्या खऱ्या कामाकडे येते, कारण मला भीती तिथे वाटते. ईसीजीचा सराव फसला तर फार तर आठवडा गेला. कुंड्यांचा प्रयोग फसला तर हंगाम जातो.

समजा १२ कुंड्या आहेत, ६ ना पाणी आणि ६ ना ताण. प्रत्येक कुंडीतल्या १० पानांवर रोज ३ वाचनं, ६ दिवस. २,१६० वक्र झाले. फाइल भरगच्च दिसते, पण तुमचे नमुने १२ आहेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ सालीच या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव रूढ केलं: एकाच घटकावर पुन्हा पुन्हा मोजायचं आणि प्रत्येक मोजणी स्वतंत्र समजायची. आपण डीप लर्निंगवाल्यांनी तीच चूक नव्याने शोधून तिला डेटा लीकेज म्हटलं. म्हणून विभागणी कुंडीनिहाय करा. स्किकिट-लर्नमधलं ग्रुप-के-फोल्ड हे काम करतं, ग्रुपच्या जागी कुंडीचा क्रमांक द्यायचा. आणि दावा ‘नव्या वाणावरही चालेल’ असा असेल तर ग्रुप म्हणजे वाण, अख्खं वाण झाकायचं.

कुंडीनिहाय विभागूनही एकदा मी तोंडावर पडले ते सांगते. कंट्रोलच्या, म्हणजे पाणी चालू असलेल्या, कुंड्या दाराजवळ होत्या, म्हणून रोज सकाळी आधी त्या मोजायचो. ताणाच्या कुंड्यांपर्यंत पोचेस्तोवर दुपार व्हायची. मॉडेलने कधीही न पाहिलेल्या कुंड्यांवर सुंदर निकाल दिले. मग एका सहकाऱ्याने सहज, फक्त कंट्रोलच्या कुंड्या दुपारी मोजल्या, आणि मॉडेलने त्यांतल्या बहुतेकांना ताण आहे म्हणून सांगितलं. भर उन्हात पानाची प्रकाश वापरायची क्षमता तात्पुरती उतरते, पाणी भरपूर असलं तरी. आमचं मॉडेल दोन महिने घड्याळ वाचायला शिकत होतं! तेव्हापासून मोजणीचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून ठरतो, कुंड्यांच्या जागा बदलत राहतात, आणि मोजणीची वेळ प्रत्येक वक्रासोबत नोंदली जाते. तुम्हीही आधी ‘वक्रावरून वेळ ओळखता येते का’ हे तुमच्याच सीएनएनला विचारून बघा.

लेबलाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं संकट तिथे आहे. ईसीजीत लेबल हृदयरोगतज्ज्ञांनी ठोका बघून दिलंय. तुमच्याकडे ‘ताण’ हे लेबल म्हणजे ‘आम्ही पाणी बंद केलं’. पाणी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी झाडाला ताण बसलेलाच असेल असं नाही. त्यातून फ्लुओरेसन्स हा या बाबतीत सावकाश बोलणारा साक्षीदार आहे. पाणी कमी पडू लागलं की झाड आधी पर्णरंध्रं मिटतं. एफव्ही-बाय-एफएम हे पानाची प्रकाश वापरायची कमाल क्षमता सांगणारं गुणोत्तर निरोगी पानात ०.८३ च्या आसपास असतं, आणि ते ताण बराच तीव्र होईपर्यंत फारसं हलत नाही. तेव्हा सुरुवातीच्या दिवसांचे ‘ताण’ लेबलचे वक्र तुमच्या मॉडेलने अचूक ओळखले, तर आनंद मानण्याआधी संशय घ्या. मॉडेल दुसरंच काहीतरी बघत असणार.

लेबल झाडाकडूनच घ्या. पानातलं सापेक्ष पाण्याचं प्रमाण काढायला वजनकाटा आणि ओव्हन पुरतो: ताज्या पानाचं वजन, पाण्यात भिजवून पूर्ण फुगलेल्याचं, आणि वाळवलेल्याचं. ताज्यातून वाळलेलं वजा, फुगलेल्यातून वाळलेलं वजा, पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणायचं. पान तुटतं, म्हणून त्याच झाडाचं शेजारचं पान घ्यावं लागतं. प्रेशर चेंबर मिळाला तर पहाटेचा जलविभव (पानात पाणी किती ओढीने धरलेलं आहे ते) मोजा, सगळ्यांत उत्तम. मग मॉडेलला ‘ताण आहे-नाही’ याऐवजी तो आकडाच ओळखायला लावता येतो.

आणि सहनशीलता हा शब्द जपून. सारख्या आकाराच्या कुंड्यांत एक डेरेदार वाण आणि एक किडमिडं वाण लावलं, दोघांचं पाणी एकाच दिवशी तोडलं, तर डेरेदार वाणाची माती आधी सुकते कारण त्याची पानं जास्त पाणी उडवतात. पाचव्या दिवशी किडमिडं टवटवीत दिसेल आणि तुमचं मॉडेल त्याला सहनशील ठरवेल. त्याला ताण बसलेलाच नव्हता. रोज कुंड्यांचं वजन करून, गरजेपुरतं पाणी घालून सगळ्यांना मातीतल्या सारख्या ओलाव्यावर आणा, मग तुलना करा. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरी पळवाट मला सापडलेली नाही.

वक्र मॉडेलला कसा द्यायचा तेही विचारलंय. अंधारात २०-३० मिनिटं ठेवलेल्या पानाच्या वक्राच्या चढणीवर जे, आय, पी असे टप्पे दिसतात: जे-ची पायरी साधारण २ मिलिसेकंदांवर येते, आय ३० च्या आसपास, आणि पी काहीशे मिलिसेकंदांवर. उष्णतेच्या ताणात दिसणारा के-चा उंचवटा तर ०.३ मिलिसेकंदांवर असतो. वेळेचा अक्ष सरळ ठेवलात तर ही सगळी मजा डावीकडच्या दोन-चार नमुन्यांत चेंगरते आणि कन्व्होल्यूशनला सपाट रेघ मिळते. लॉग-वेळेवर समान अंतराने रीसॅम्पल करा, शे-दीडशे बिंदू पुरतात. नेटवर्क छोटं ठेवा. आणि शेजारी एफव्ही-बाय-एफएम, जे-ची सापेक्ष उंची अशा चार-पाच आकड्यांवरचं साधं लॉजिस्टिक रिग्रेशन ठेवा. १२ कुंड्यांवर सीएनएनने त्याला हरवलं तर मला खरंच आश्चर्य वाटेल.

आकडे सांगताना अनिश्चितताही रुग्णांवर किंवा कुंड्यांवर काढा, ठोक्यांवर किंवा वक्रांवर नाही. टेस्टमधल्या २२ पैकी एकाही रुग्णावर मॉडेल चुकलं नाही, तरी नव्या रुग्णांवर चुकण्याचं खरं प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत असू शकतं, ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने. सहा कुंड्यांचं काय होईल ते तुम्हीच काढा.

तर क्रम असा ठेवा: आधी नाण्याच्या लेबलांचा प्रयोग, मग रुग्णनिहाय विभागणी (२०१ आणि २०२ एकाच बाजूला), मग मागच्या-पुढच्या ठोक्यांमधलं अंतर मॉडेलला वेगळं द्या, मग रीसॅम्पलिंग आणि नॉच फिल्टर. इतकं झाल्यावर नव्या उपकरणावरचा आकडा आणि जुना आकडा एकमेकांजवळ आले, तर लेयर वाढवण्याचं बोलू. तोवर मला फक्त एक कळवा: २३२ वगळल्यावर तुमची एसची सेन्सिटिव्हिटी किती उरते?